मॉरिशसला गोल्फ खेळायला जाताय? आधी किनारा ठरवा, मग कोर्स

मॉरिशसच्या कुठल्याही गोल्फ कोर्सचे फोटो काढून बघा. निळंशार लगून, पांढरी वाळू, मधे हिरवा पट्टा आणि मागे एखादा डोंगर. सगळे कोर्स सारखेच देखणे दिसतात आणि नवखा माणूस तिथेच फसतो. ड्रोनने वरून काढलेल्या फोटोत वारा दिसत नाही. फेअरवे म्हणजे कापलेल्या गवताचा खेळायचा पट्टा किती अरुंद आहे, टीवरून म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून पाण्यापलीकडे बॉल टाकायला किती लांब मारावं लागेल, हेही कळत नाही. मग सगळ्यात सुंदर फोटो ज्याचा, तिथे भरभक्कम ग्रीन फी भरून माणूस चार-साडेचार तास झुडपांत बॉल शोधत फिरतो.

हा लेख दोन प्रकारच्या मंडळींसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या क्लबात शनिवार-रविवार खेळणारे, शंभरच्या आसपास स्कोअर करणारे, पण परदेशात समुद्राकाठी कधीच न खेळलेले हे एक. दुसरे म्हणजे रेंजवर बॉल मारून हात बसलाय, पण अठरा होल्सची पूर्ण फेरी अजून फारशी झालेली नाही असे. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तासांत पोचता येतं, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. पहिल्या परदेशी गोल्फसहलीला इतकी सोपी जागा क्वचितच मिळेल. फक्त कोर्स निवडताना थोडं डोकं लावायला हवं.

पहिली पायरी: आपला खेळ खरोखर कसा आहे ते मान्य करा

आपल्याकडे खेळणाऱ्यांना एक सवय जडलेली असते, ती म्हणजे कॅडी. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर किंवा येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर तुमचा स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत गेलेला फटका, झाडीत गेला, तर तो कुठे गेला हे तुमच्याआधी कॅडीला कळतं. तो बॉल शोधतो, अंतर सांगतो, क्लब हातात देतो, बंकर सारखा करतो, ग्रीनवर बॉल होलकडे ढकलायच्या फटक्याची, म्हणजे पटची, लाईनही दाखवतो. मॉरिशसच्या रिसॉर्ट कोर्सवर बहुतेक ठिकाणी तुम्ही आणि बग्गी एवढेच. अंतर बग्गीच्या पडद्यावर दिसतं. बाकी सगळं तुमचं तुम्ही करायचं. बंकरमध्ये रेक फिरवायचा, ग्रीनवरचा बॉलचा खड्डा बुजवायचा आणि बॉलही आपणच शोधायचा.

त्यामुळे स्कोअरपेक्षा मोठा प्रश्न हा, की एका फेरीत तुमचे किती बॉल हरवतात. घरच्या कोर्सवर, कॅडी असताना, तीन-चार हरवत असतील तर अरुंद आणि पाण्याने भरलेल्या कोर्सवर तो आकडा सहज दुप्पट होतो. अशा खेळाडूने रुंद फेअरवेचा कोर्स घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. सुट्टीत गेलोय, पात्रता फेरी खेळायला नाही.

दुसरा प्रश्न ड्राइव्हचा, म्हणजे टीवरून मारलेला पहिला लांब फटका किती जातो त्याचा. एखादा कधीतरी वाऱ्यावर बसून गेलेला नको, नेहमीचा सांगा. बहुतेक हौशी पुरुष खेळाडू स्वतःचा ड्राइव्ह वीस-पंचवीस यार्डांनी फुगवून सांगतात, हे कुठल्याही क्लबच्या बारमध्ये अर्धा तास बसलात तरी कळेल. हा आकडा पुढे टी निवडताना लागणार आहे.

तिसरा प्रश्न घरच्यांचा. सोबत न खेळणारी माणसं आहेत का? असतील तर कोर्सच्या आसपास त्यांना दिवस कसा घालवता येईल यावरही निवड ठरते. सकाळी सहाला निघून दुपारी दोनला परतणाऱ्या माणसाचं स्वागत कसं होतं, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी पायरी: महिना बघा आणि त्यावरून किनारा ठरवा

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे ऋतू आपल्या उलटे. जून ते सप्टेंबर तिथला हिवाळा: किनाऱ्यावर दिवसा पारा पंचविशीच्या आसपास, हवा कोरडी. आपल्याकडे नेमके तेव्हाच कोर्स चिखलाने भरलेले, बग्ग्या बंद आणि बॉल ओल्या मातीत रुतलेला. पावसाळ्यात गोल्फसाठी तळमळणाऱ्या मराठी माणसाला हा काळ म्हणजे मेजवानी. पण त्याला एक किंमत आहे. हिवाळ्यात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जोरात असतात आणि ते सरळ पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतात. बेटाच्या मधे डोंगर आणि पठार असल्यामुळे पश्चिम आणि उत्तर-पश्चिम भाग आडोशाला राहतो. तो कोरडाही जास्त असतो.

म्हणून ढोबळ नियम असा धरा: जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल आणि वाऱ्यात खेळायची सवय नसेल, तर मुक्काम पश्चिमेला किंवा उत्तरेला टाका. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिल-मे असेल तर बेटाचा कुठलाही किनारा चालेल. दिवाळीची सुट्टी आणि मे महिन्याची सुट्टी दोन्ही यात बसतात, हा योग चांगला आहे. डिसेंबर ते मार्च उन्हाळा असतो: तिशीतला पारा, घाम, मधूनच सरी आणि चक्रीवादळांचा मोसम. या काळात पूर्वेची झुळूक उलट हवीहवीशी वाटते, पण नाताळात दर चढलेले असतात आणि जानेवारी ते मार्च वादळाची धास्ती असते. तिथे वादळाचे इशारे एक ते चार अशा वर्गांत देतात. तिसरा वर्ग जाहीर झाला की सगळं बंद होतं आणि लोक घरात बसतात. या महिन्यांत जायचंच असेल तर पैसे परत मिळतील अशीच बुकिंग करा.

उजेडाचं गणितही महिन्यावर आहे. जुलैत सूर्य सहाच्या आधीच मावळतो. दुपारी दीडची स्वस्त वेळ घेतलीत तर शेवटची दोन-तीन होल्स अंधारात जातील. डिसेंबरात तीच वेळ आरामात चालते.

एक खास आपल्यासाठी. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी हा सण तिथे टिकवला आहे. पश्चिमेचं कास्काव्हेल हे त्यांच्या जुन्या वस्त्यांपैकी एक आणि तामारीनच्या कोर्सवर जाताना ते वाटेतच लागतं. त्या दिवसांत तिथे असाल तर सकाळी खेळून दुपारी विसर्जनाला जा. फक्त संध्याकाळी किनाऱ्याकडच्या रस्त्यांवर गर्दी असते, हे लक्षात घेऊन गाडी सांगा.

तिसरी पायरी: आता कोर्स बघा

बेट जेमतेम पासष्ट किलोमीटर लांब आहे, म्हणून लोकांना वाटतं कुठूनही कुठेही जाता येईल. प्रत्यक्षात रस्ते गावांतून वळतात आणि उत्तरेच्या ग्राँ बेहून दक्षिणेच्या बेल ऑम्ब्रला जायला दीड-दोन तास सहज लागतात. पहाटेच्या टी टाइमला, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेला, हा प्रवास नको. एक किनारा पकडा आणि त्याच्या आसपासचे दोन-तीन कोर्स खेळा.

*पूर्व किनारा.* गोल्फचा सगळ्यात दाट पट्टा इथे आहे. बेल मार प्लाजला एकाच रिसॉर्टचे दोन कोर्स आहेत. लेजंड हा १९९४ चा, दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू बायोकीने आखलेला. पूर्वी हरणांच्या शिकारीसाठी राखलेल्या जंगलातून तो काढला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना झाडी आणि मधे अरुंद वाट. सतरावं होल छोटं, पार तीन म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं, पण मधे लगूनचं पाणी. टीवर उभं राहिलं की समोर ग्रीन, मधे निळं पाणी आणि अंगावर वारा. इथे नवखा माणूस हटकून एक क्लब कमी घेतो. दुसरा कोर्स लिंक्स, २००२ चा, रॉडनी राइट आणि पीटर ॲलिस यांनी आखलेला. त्यामानाने मोकळा आणि माफ करणारा. दोनांपैकी एकच खेळायचा असेल आणि हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) विसाच्या वर असेल, तर मी लिंक्सच सांगेन, लेजंडची कीर्ती जास्त असली तरी.

तिथून थोडं दक्षिणेला त्रू दो दूस गाव आणि समोर इल ओ सेर बेट. आपल्या सहल कंपन्यांच्या पत्रकांत ते ‘इल ऑक्स सर्फ’ असं छापलेलं असतं, तेच हे. बेर्नहार्ड लांगरने आखलेला इथला कोर्स २००३ मध्ये सुरू झाला आणि तिथे बोटीने जावं लागतं. गोल्फच्या बॅगा बोटीत चढवून लगून ओलांडायचं, हा अनुभव जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो. पण हा कोर्स अवघड आहे, हे कोणी मोठ्याने सांगत नाही. तळी, खाजणं, ज्वालामुखीचा काळा दगड आणि टीपासून फेअरवेपर्यंत पाणी ओलांडायला लावणारी होल्स. सरळ न मारणाऱ्याचे बॉल इथे मुठीमुठीने जातात. तरीही माझं मत असं, की एकदा खेळावा, पण अगदी पुढच्या टीवरून, स्कोअरकार्ड खिशात ठेवून. शिवाय घरच्यांना न्यायला याहून चांगली जागा नाही: त्याच बेटावर सार्वजनिक पुळण आणि पाण्यातले खेळ आहेत. तुम्ही खेळता तोवर ते पोहतात, आणि कोणाचीच तक्रार राहत नाही.

बोटीची वेळ मात्र नीट विचारा. टी टाइम आठचा म्हणजे धक्क्यावर आठला नाही. बोट, नोंदणी, बग्गीवर बॅग बांधणं आणि चार पट मारून बघणं धरून धक्क्यावर तासभर आधी पोचावं.

आनाहिता हा याच बाजूचा तिसरा पर्याय, अर्नी एल्सने आखलेला, २००८ चा. लांबी बरीच, पण फेअरवे ऐसपैस. अठरावं होल लगूनच्या काठाने जातं आणि शेवटचा पट मारताना समुद्र अगदी शेजारी असतो. लांब मारणाऱ्या पण दिशेची खात्री नसलेल्या तरुण खेळाडूंना हा कोर्स मानवतो.

*दक्षिण आणि नैर्ऋत्य.* बेल ऑम्ब्रला जुन्या साखर मळ्याच्या जमिनीवर हेरिटेज क्लबचे कोर्स आहेत. ल शातो हा पीटर मॅटकोविचने आखलेला, २००४ चा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लगून, मधे मळ्याची जुनी हवेली. मॉरिशस ओपन ही व्यावसायिक स्पर्धा २०१५ मध्ये इथेच सुरू झाली. २०१७ मध्ये आपला अर्जुन अटवाल इथे प्लेऑफपर्यंत पोचला आणि डिलन फ्रिटेलीकडून हरला. स्पर्धेचा कोर्स असूनही पुढच्या टीवरून तो सामान्य खेळाडूला जमतो. खोडी काढतो, पण अंगावर येत नाही. नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे इथे नऊ होल्सचा पार तीन कोर्सही आहे. ज्यांची अठरा होल्सची पूर्ण फेरी अजून झालेली नाही त्यांनी सुरुवात इथून करावी. नवरा-बायकोपैकी एकच खेळत असेल तर दुसऱ्याला गोडी लावायलाही हीच जागा.

शेजारीच २०२३ मध्ये ला रेझर्व हा नवा कोर्स झाला, मॅटकोविच आणि लुई ओस्टहायझन यांनी मिळून आखलेला. हा लिंक्स धाटणीचा: झाडं कमी, उंचसखल जमीन, वारा भरपूर. बॉल जमिनीलगत खेळवता येणाऱ्यालाच त्याची खरी मजा. फक्त उंच उडवणाऱ्याने ऑगस्टात तिथे जाऊ नये.

त्याच पट्ट्यात पुढे ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी पारादी रिसॉर्टचा कोर्स आहे, लगूनला लागून आणि बराचसा सपाट. युनेस्कोच्या यादीत २००८ पासून असलेला तो सरळसोट कडा खेळताना डोक्यावर उभा असतो. मध्यम खेळाडूला हा कोर्स सुसह्य जातो.

*पश्चिम.* तामारीना, रॉडनी राइटचा, २००६ चा. समोर रांपार नावाचा टोकदार डोंगर, आजूबाजूला रखरखीत झुडपी रान. समुद्राला अगदी खेटून नाही, पण हिवाळ्यात वाऱ्यापासून आडोसा आणि पावसापासून सुटका ही याची मोठी बाजू.

इथे एक खाचखळगा सांगायला हवा. मॉरिशसने २००२ मध्ये परदेशी लोकांना ठरावीक प्रकल्पांत बंगले विकत घ्यायची परवानगी दिली आणि तामारीना, आनाहिता हे त्या योजनेतले सुरुवातीचे प्रकल्प. साखरेला युरोपात मिळणारा हमीभाव संपत आला, तशी मळेवाल्या कंपन्यांनी जमीन पर्यटनाकडे वळवली. गोल्फ कोर्स हा त्या बंगल्यांचा बगीचाच म्हणायचा. खेळाडूच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की काही होल्सच्या कडेला बंगले आणि त्यांच्या हद्दीवर पांढरे खांब असतात. पांढऱ्या खांबापलीकडे गेलेला बॉल बाद. एक दंड आणि पुन्हा मागे जाऊन मारायचं. तुमचा स्लाइस उजवीकडे जात असेल तर बुकिंगच्या आधी कोर्सच्या नकाशावर उजव्या हाताला काय आहे ते बघून घ्या.

*उत्तर.* मों श्वाझी, २०१७ चा, हाही मॅटकोविचचाच. ग्राँ बेच्या बाजारपेठेपासून अगदी जवळ. संध्याकाळी फिरायला, जेवायला, खरेदीला जागा हवी असेल आणि गोल्फ एक-दोन दिवसांपुरताच असेल, तर मुक्काम उत्तरेला टाकून हा एकच कोर्स खेळणं शहाणपणाचं. मॉरिशस ओपन इथेही झाली आहे.

आतल्या पठारावर ब्वा शेरीच्या चहाच्या मळ्यांजवळ ॲव्हलॉन आहे. समुद्र नाही, पण हवा गार, पाऊसही जास्त. उन्हाळ्यात किनाऱ्यावर भाजून निघालेल्यांनी एक दिवस इकडे काढावा.

चौथी पायरी: टी निवडा आणि मीटरचं भान ठेवा

हे बारीक वाटतं, पण सगळी सहल यावर तरते किंवा बुडते. आपल्याकडे अंतरं यार्डात. मॉरिशसमध्ये स्कोअरकार्ड आणि बग्गीचा पडदा बहुतेक मीटरमध्ये. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड. पडद्यावर १५० दिसलं म्हणून नेहमीचा १५० यार्डांचा क्लब काढलात, तर बॉल चौदा यार्ड अलीकडे पडणार, आणि त्या कोर्सवर चौदा यार्ड अलीकडे बहुधा पाणी असतं. सोपा हिशोब: मीटरच्या आकड्यात दहा टक्के मिळवा. बग्गीचा पडदा यार्डात बदलता येतो का, हे स्टार्टरला (पहिल्या टीवरून खेळाडूंना सोडणाऱ्या माणसाला) सुरुवातीलाच विचारा.

टी निवडायला अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने प्रचलित केलेलं कोष्टक कामाचं आहे. ड्राइव्ह २२५ यार्डांचा असेल तर एकूण कोर्स ५,८०० ते ६,००० यार्ड, म्हणजे साधारण ५,३०० ते ५,५०० मीटर. ड्राइव्ह २०० यार्ड असेल तर ५,२०० ते ५,४०० यार्ड, म्हणजे ४,७५० ते ४,९५० मीटर. १७५ यार्ड असेल तर ४,४०० ते ४,६०० यार्ड. संकेतस्थळावर प्रत्येक टीची लांबी दिलेली असते. तुमच्या आकड्याजवळची टी त्या कोर्सवर नसेल, तर तो कोर्स तुमच्यासाठी नाही. टीचा रंग लाल आहे म्हणून लाजणाऱ्यांचे बॉल तळ्यात सापडतात.

स्लोप रेटिंगही, म्हणजे सामान्य खेळाडूला कोर्स किती कठीण जातो तो आकडाही, बघा. ११३ हा सर्वसाधारण कोर्सचा आकडा, १५५ सर्वात कठीण. तुमचा हँडिकॅप इंडेक्स २२ असेल, तर १२० स्लोपवर ढोबळमानाने २३ फटके सवलतीचे मिळतात आणि १३५ स्लोपवर २६. म्हणजे १३५ चा कोर्स तुमच्यासारख्याला तीन फटक्यांनी अधिक जड जाईल, असं कोर्सचं मोजमाप करणारेच सांगताहेत. काही क्लब हँडिकॅपचा दाखला मागतात. क्लबकडून घेतलेला किंवा फोनवरचा, जो असेल तो सोबत ठेवा.

गवताबद्दल दोन शब्द. समुद्राकाठच्या कोर्सवर पास्पालम हे गवत बरंच वापरतात, कारण ते खारं पाणी सोसतं. त्यावर बॉल छान उचलून बसतो, पण पडल्यावर फार घरंगळत नाही. घरी ड्राइव्ह पडून पंधरा-वीस यार्ड पळतो, तितका इथे पळणार नाही हे धरून चाला. चिप करताना, म्हणजे ग्रीनजवळून छोटा फटका मारताना, बॉल ग्रीनपर्यंत हवेतूनच न्या.

पाचवी पायरी: पैसे भरण्याआधी मेल करा

ग्रीन फीचा आकडा एकटा बघू नका. बग्गी त्यात आहे की वेगळी? रेंजचे बॉल? इल ओ सेरला बोट? पंधरा टक्के व्हॅट धरलाय की वरून लागणार? भाड्याच्या क्लबसेटचे किती? हे सगळं मिळवलं की दोन कोर्समधला फरक पुष्कळदा उलटा होतो.

त्याहून मोठी बचत मुक्कामात आहे. मॉरिशसची अनेक रिसॉर्ट्स आपल्या पाहुण्यांना स्वतःच्या किंवा भागीदार कोर्सवर ग्रीन फी माफ करतात किंवा सवलत देतात. बग्गीचे पैसे बहुधा भरावे लागतात. तीन-चार फेऱ्या खेळणार असाल तर अशा हॉटेलची महागडी खोलीही शेवटी स्वस्त पडू शकते. एकच फेरी खेळणार असाल तर स्वस्त हॉटेलात राहून बाहेरच्या खेळाडूची फी भरलेली बरी. कागदावर मांडून बघा, सहल कंपनीच्या शब्दावर जाऊ नका. सवलत रोज एक फेरी की मुक्कामात एकच, टी टाइम कधीही की दुपारनंतरच, हेही लेखी घ्या.

मेलमध्ये आणखी तीन प्रश्न टाका. एक, तुमच्या तारखांच्या आसपास ग्रीनला भोकं पाडून वाळू भरण्याचं काम होणार आहे का? हे काम गरजेचं असतं, पण त्यानंतर दहा-पंधरा दिवस पट उड्या मारत जातो. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. दोन, त्या दिवशी स्पर्धा किंवा कंपनीचा कार्यक्रम आहे का? तीन, पाऊस पडला तर बग्गी फेअरवेवर नेता येते की फक्त रस्त्यावरूनच? दुसरी गोष्ट असेल तर प्रत्येक फटक्याला बग्गीपासून बॉलपर्यंत हातात तीन क्लब घेऊन चालायचं. गुडघे दुखणाऱ्यांनी ऐकून घ्यावं. उत्तर लगेच आणि मुद्द्याचं आलं, तर तो क्लब पाहुण्यांची काळजी घेतो असं समजायला हरकत नाही.

सहावी पायरी: सामान आणि नियम

आपला क्लबसेट न्यायचा की भाड्याने घ्यायचा? दोन फेऱ्यांपर्यंत भाड्याचा बरा. त्याहून जास्त असेल तर आपला न्या. डावखुऱ्यांनी भाड्याच्या सेटवर विसंबू नये. आधी लिहून नक्की करा. विमान कंपनीचा खेळसाहित्याचा नियम तिकीट काढण्याआधीच वाचा. अंतर मोजायच्या यंत्राची लिथियम बॅटरी हातसामानात ठेवा. बॉल घरूनच डझनाने न्या, समुद्राकाठच्या प्रो शॉपमध्ये ते महाग मिळतात. कॉलरचा शर्ट लागतोच, जीन्स चालत नाही, बुटांना धातूचे खिळे चालत नाहीत.

नियमांतलं एवढं पुरे: बॉल शोधायला २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. लाल खांबांच्या पाण्यात गेला तर एक दंड घेऊन, बॉलने हद्द ओलांडली त्या जागेजवळ, होलच्या जवळ न जाता, दोन क्लबच्या अंतरात टाकता येतो. पिवळ्या खांबांना ही कडेची सोय नाही. मागे जावं लागतं. हरवलेल्या किंवा बाद बॉलसाठी मागे न जाता दोन दंड घेऊन पुढेच टाकण्याचा स्थानिक नियम तिथे लागू आहे का, हे स्टार्टरला विचारा. असेल तर तुमचा आणि मागच्या चौघांचाही वेळ वाचेल.

सातवी पायरी: दिवसांचा क्रम

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खेळू नका; एक दिवस उन्हाची आणि दमटपणाची सवय होऊ द्या. पहिली फेरी सर्वात सोप्या कोर्सवर घ्या. पूर्वेला लिंक्स, नैर्ऋत्येला पार तीन कोर्स किंवा पारादी, पश्चिमेला फार पर्याय नाही म्हणून तामारीना पण पुढच्या टीवरून. नाव असलेला, अवघड कोर्स तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवा, तोवर मीटरचा आणि वाऱ्याचा अंदाज आलेला असतो. दोन फेऱ्यांच्या मधे एक दिवस समुद्रासाठी मोकळा ठेवा.

टी टाइम सकाळचाच घ्या. पहाटे वारा बहुतेकदा मंद असतो आणि दिवस चढतो तसा वाढत जातो, त्यामुळे पहिल्या नऊ होल्समध्ये जो क्लब पुरला तो मागच्या नऊमध्ये पुरेलच असं नाही. वाऱ्यासमोर एक-दोन क्लब जास्त घ्या आणि हळू मारा.

परतीच्या विमानाच्या दिवशी खेळायचा मोह झाला तर इल ओ सेर सोडून दुसरं काही निवडा. विमानतळ आग्नेयेला आहे आणि नकाशावर ते बेट जवळ दिसतं, पण मधे बोट आहे, आणि समुद्र खवळला तर बोटीची वेळ तुमच्या हातात राहत नाही. शिवाय घामाने भिजलेला ग्लोव्ह आणि ओले बूट बॅगेत तसेच भरावे लागतात. आदल्या दिवशी खेळून झालं की बूट वाळत टाका, क्लबचे दांडे आणि ग्रूव्ह (तोंडावरच्या खाचा) गोड्या पाण्याने धुऊन पुसा, खारी हवा लोखंडाला सोडत नाही. ड्रायव्हरचं डोकं काढता येत असेल तर काढून मोज्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा.